शंका-समाधान: जे करू नये तेच हातून का होते?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच दुखण्याभोवती फिरतात. श्रद्धा आहे, उपासना चुकत नाही, पवित्र शास्त्राचे वाचन होते, आणि तरीही मनातली झुंज थांबत नाही, असे वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी लिहिले आहे. पत्रे लांब असल्यामुळे ती संक्षिप्त केली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील गाळले आहेत. उत्तरे देणारा मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलेला पाळक आहे, हे लक्षात घेऊन कॅथलिक वाचकांनी माझे म्हणणे आपल्या परंपरेशी ताडून पाहावे.

प्रश्न: आदरणीय पाळकसाहेब, सप्रेम सलाम. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि दर रविवारी मुलांच्या शब्बाथशाळेचा वर्ग घेते. आमचे घर एकत्र आहे. खाली दीर-जाऊबाई राहतात, वर आम्ही. पाण्याची मोटार आणि विजेचे मीटर दोघांत एकच. बिलावरून जाऊबाईंशी माझे सतत खटके उडतात आणि रागाच्या भरात मी त्यांच्या माहेरची गरिबी काढते. रात्री रडते, देवाची क्षमा मागते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच होते. मुलांकडून शेजाऱ्यावर प्रीती करण्याचे वचन पाठ करून घेताना माझीच जीभ अडखळते. गेले काही महिने प्रभुभोजनाच्या वेळी मी बाकावरच बसून राहते. मी ढोंगी आहे असे वाटते. शब्बाथशाळा सोडून द्यावी काय? (एक भगिनी, श्रीरामपूर)

उत्तर: भगिनी, सलाम. आपण स्वतःला ढोंगी म्हटले आहे, तेव्हा तेथूनच सुरुवात करतो. येशूने ज्या परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या लोकांना, ढोंगी म्हटले, त्यांची झोप त्यामुळे उडाल्याची नोंद शुभवर्तमानांत कोठे नाही. आपल्या बोलण्यात आणि वागण्यात अंतर आहे हे त्यांच्या गावीही नव्हते, आणि कोणी ते दाखवून दिलेच तर ते दाखवणाऱ्यावर उलटत. आपल्याला ते अंतर टोचते आहे. प्रेषित पौलालाही ते टोचत होते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो म्हणतो, "जे चांगले करावेसे मला वाटते ते मी करत नाही; तर करावेसे वाटत नाही असे जे वाईट ते मी करतो." हे बोल विश्वासात येण्यापूर्वीच्या माणसाचे की त्यानंतरच्या, यावर फार जुना वाद आहे. संत ऑगस्टीन यांनी आरंभी ते नियमशास्त्राखाली असलेल्या, म्हणजे अजून विश्वासात न आलेल्या, माणसाचे मानले होते. पुढे त्यांनी आपले मत बदलले आणि कृपेत असलेला माणूसही, खुद्द प्रेषितसुद्धा, असे बोलू शकतो असे मांडले. मला त्यांचे हे नंतरचे मत पटते, कारण मंडळीत भेटणारी प्रामाणिक माणसे नेमके हेच सांगत असतात. मात्र या अध्यायाचा एक गैरवापर आपल्याकडे सर्रास चालतो. "पौलाला जमले नाही, तिथे आपली काय कथा," असे म्हणून माणूस हात झटकून मोकळा होतो. पौल हात झटकत नाही. "किती मी कष्टी माणूस!" असा तो टाहो फोडतो, आणि पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही असे ठामपणे लिहितो. या दोन्ही वाक्यांचा लेखक एकच आहे, आणि ती वाचताना मध्ये थांबायचे नसते.

आता आपल्या रात्रीच्या प्रार्थनेविषयी. आपण क्षमा मागता म्हणजे नेमके काय म्हणता, हे पत्रात नाही. पण पुष्कळांच्या प्रार्थनेत "प्रभू, मी फार पापी आहे, मला बदल" एवढेच असते. हे खरे असले तरी फार ढोबळ आहे. अशा कबुलीने मन तेवढ्यापुरते हलके होते, परंतु दुसऱ्या दिवशी करण्यासारखे काहीच हाती लागत नाही. जक्कयाची गोष्ट आपण मुलांना नक्कीच शिकवली असेल. येशू घरी आल्यावर तो जकातदार आपल्या पापीपणाविषयी प्रवचन देत बसला नाही. अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना देतो आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करतो, असा त्याने थेट हिशेबच मांडला. आपल्यालाही असेच काहीसे म्हणता येईल: "प्रभू, आज सकाळी मी जाऊबाईंना त्यांच्या मुलीसमोर माहेरावरून बोलले." एवढे स्पष्ट म्हटले की पुढची पायरी आपोआप दिसते. देवाकडे क्षमा मागून झाल्यावर एक जिना उतरून खाली जायचे आणि त्या मुलीच्या देखत तिच्या आईची क्षमा मागायची. हे रडण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

दुसरे असे की, आपला राग कोणत्या वेळी चढतो ते पाहा. माझा अंदाज आहे की तो सकाळी, पाणी यायच्या वेळेला, डबे भरायची आणि शाळेची बस गाठायची घाई असताना चढतो, आणि बिलाचा कागद दिसला की भडकतो. त्या वेळी प्रीतीचे वचन आठवून जीभ आवरेल अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे स्वतःवर अन्याय करणे होय. बिलाचा विषय सकाळी काढायचाच नाही, असे दोन्ही घरांनी ठरवावे. सुट्टीच्या दिवशी दुपारी दोघी जावा आणि दोघे भाऊ असे चौघांनी बसून तो एकदाचा मिटवावा. आणि शक्य असेल तर वरच्या मजल्याला सबमीटर बसवून घ्यावा. पाळकाने आत्मिक प्रश्नाला सबमीटरचे उत्तर द्यावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु "आम्हांला परीक्षेत आणू नको" अशी रोज प्रार्थना करायची आणि परीक्षेचे कारण मात्र भिंतीवर तसेच फिरत ठेवायचे, हे मला त्याहून चमत्कारिक वाटते.

प्रभुभोजनाविषयी आपली समजूत बदलायला हवी. आपण ज्या वचनाच्या धास्तीने बाकावर बसून राहता, ते करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातले आहे. माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे व त्या प्याल्यातून प्यावे, असे पौल तेथे सांगतो. परीक्षा करून दूर बसावे, असे तो सांगत नाही. करिंथच्या मंडळीचा दोष कोणता होता तेही पाहण्यासारखे आहे: काही जण आधीच जेवून घेत आणि गरीब भावंडे उपाशी राहत. म्हणजे तो दोष माणसामाणसांतला होता, आणि त्यावर पौलाने सुचवलेला उपायही एकमेकांसाठी थांबण्याचा होता. तेव्हा पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वी जाऊबाईंशी बोलून घ्या आणि मग निःशंक मनाने मेजाजवळ या. त्यांनी क्षमा केली नाही तरीही या.

राहिला शब्बाथशाळेचा प्रश्न. आम्ही प्रॉटेस्टंट मंडळी संत इग्नेशियस लोयोला यांचे नाव फारसे घेत नाही. घ्यायला हरकत नसावी. सोळाव्या शतकातल्या या स्पॅनिश संताने मनाच्या हालचाली ओळखण्यासाठी जे नियम घालून दिले, त्यांत एक असा आहे की मन उदास आणि कोरडे झालेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. भांडणाच्या रात्री घेतलेला वर्ग सोडण्याचा निर्णय याच प्रकारात मोडतो. मन शांत असलेल्या एखाद्या दिवशीही वर्ग सोडावा असे वाटले तर जरूर सोडा. तोवर मुलांना ते वचन शिकवत राहा आणि जीभ अडखळली तर अडखळू द्या.

प्रश्न: मी वसईचा कॅथलिक असून पुण्यात आयटी कंपनीत नोकरी करतो. रात्री उशिरा काम संपवून खोलीवर आल्यावर मोबाइलवर अश्लील व्हिडिओ पाहण्याची सवय जडली आहे. फादरांकडे पापांची कबुली अनेकदा दिली, उपवासकाळात चाळीस दिवसांचे व्रतही घेतले; ते मध्येच मोडले. तेच पाप पुन्हा घेऊन जाण्याची आता लाज वाटते, म्हणून देवळात मिस्साच्या उपासनेलाही जात नाही. देव किती वेळा क्षमा करणार? (एक तरुण)

उत्तर: आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय, असे पेत्राने विचारले तेव्हा येशूने त्याला हिशेबच विसरायला लावणारी संख्या सांगितली. शिष्यांकडून ज्याने एवढी अपेक्षा केली, तो स्वतः त्याहून कमी क्षमा करील असे मानायला काहीच आधार नाही.

लाजेविषयी मात्र सावध राहायला हवे, कारण आपल्याला आज लाजेनेच देवळापासून दूर ठेवले आहे. वर उल्लेखिलेल्या इग्नेशियस यांनीच या बाबतीत एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. एखाद्या चांगल्या घरच्या मुलीला फूस लावणारा लबाड प्रियकर जसा आपले बोलणे तिच्या वडिलांच्या कानावर जाऊ नये म्हणून धडपडतो, तसाच आपल्या आत्म्याचा शत्रू स्वतःचे डाव गुप्त राहावेत म्हणून धडपडतो. ते अनुभवी माणसाजवळ उघड झाले की त्याचा जोर सरतो. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी अनोळखी फादरांकडे जाऊन कबुली उरकण्यापेक्षा एकाच फादरांकडे नेमाने जावे आणि त्यांना सगळा इतिहास माहीत असू द्यावा. कबुलीत सांगितलेले गुप्त ठेवण्याचे बंधन त्यांच्यावर आहेच. माझ्या परंपरेत असा संस्कार नाही, पण "आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा" हे याकोबाचे वचन आम्हांलाही लागू आहे, आणि ते आम्ही फार कमी पाळतो, हेही येथे नमूद करतो.

आता त्या खोलीकडे वळू. दिवसभर परदेशी ग्राहकांशी बोलून थकलेला माणूस मध्यरात्री एकटाच बिछान्यावर पडतो, आणि उशाशी चार्जरला लावलेला मोबाइल असतो. याकोबाने पहिल्या अध्यायात मोहाचा प्रवास सांगितला आहे: माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, मग वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते. यात थांबण्याची जागा आरंभी असते. व्हिडिओ सुरू झाल्यावर केलेला निश्चय बहुधा टिकत नाही. म्हणून चार्जर हॉलमध्ये ठेवा, गजरासाठी साधे घड्याळ विकत घ्या, आणि खोलीत बरोबर राहणाऱ्या मित्रांपैकी विश्वासाचा कोणी असेल तर त्याला एवढेच सांगा की रात्री मोबाइल बाहेर ठेवायला मला मदत कर. चाळीस दिवसांची व्रते तूर्त बाजूला ठेवावीत, असे मी सुचवीन. आजच्या रात्रीपुरते ठरवणे अधिक पेलण्यासारखे आहे, आणि मोडले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ठरवता येते.

मत्तयाच्या बाराव्या अध्यायातला झाडून लोटून रिकामा ठेवलेल्या घराचा दाखलाही वाचा. घर रिकामे राहिले म्हणून बाहेर गेलेला दुष्ट आत्मा आणखी सात जण घेऊन परत आला. आपण एक सवय काढू पाहत आहात, पण तिच्या जागी काय येणार याचा विचार पत्रात दिसत नाही. रात्री घरी एक फोन, शनिवारी मित्रांबरोबर फुटबॉल, रविवारच्या मिस्साला गायकवृंदात उभे राहणे, यांपैकी जे आपल्या स्वभावाला मानवेल ते धरा. एवढे करूनही सवय सुटत नसेल आणि कामावर व झोपेवर परिणाम होत असेल, तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा मानू नका.

प्रश्न: वाईट विचार मनात येतात ते सैतान आणतो की ते माझेच असतात? प्रार्थनासभेत सर्व काही सैतानावर ढकलले जाते. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: सैतान आहे असे शास्त्र सांगते आणि मी ते मानतो. परंतु एदेन बागेत आदामाने हव्वेकडे बोट दाखवले, हव्वेने सर्पाकडे, आणि देवाने सर्पाला शाप दिला तरी त्या दोघांना मोकळे सोडले नाही. विचार कोठून आला याचा शोध घेण्यात फार वेळ घालवू नये. आलेल्या विचाराला बसायला पाट द्यायचा की नाही, एवढे आपल्या हातात आहे आणि जाब त्याचाच द्यायचा आहे. आत्मिक युद्ध हा शब्द आजकालच्या सभांतून ज्या सढळपणे वापरला जातो तो मला खटकतो. उधारी बुडवणारा माणूसही स्वतःला युद्धात सापडलेला योद्धा समजू लागतो, आणि दुकानदाराचे पैसे राहूनच जातात.

प्रश्न: पाळकसाहेब, सलाम. आमच्या घरात चार पिढ्यांपासून ख्रिस्ती विश्वास आहे. मी मंडळीच्या पंचांत होतो. माझी मुलगी एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिथल्याच एका तरुणाशी तिला लग्न करायचे आहे. मुलगा निर्व्यसनी आहे, आमच्याच पंथाचा आहे, त्याच्या साक्षीविषयी, म्हणजे ख्रिस्ती वागणुकीविषयीही, कोणाची तक्रार नाही. पण त्याचे आडनाव ऐकल्याबरोबर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो 'मूळचे कोण?' हाच. उत्तर कळल्यापासून झोप नाही. पत्नी म्हणते, "लोक काय म्हणतील?" मला लोकांपेक्षा माझीच लाज वाटते. आयुष्यभर ख्रिस्तात सर्व एक असे सांगत आलो. हे माझ्या मनातून का जात नाही? (एक निवृत्त गृहस्थ, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: बंधू, सलाम. या महिन्यातले सर्वांत खरे पत्र आपले आहे, आणि हा प्रश्न लेखी विचारण्याचे धैर्य दाखवल्याबद्दल मी आपला आभारी आहे. कारण आमच्या मंडळ्यांत ही गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असते आणि कोणीच बोलत नाही. शासनाच्या १९५० सालच्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्याला आपली पूर्वीची अनुसूचित जात कागदावर लावता येत नाही. सोयरिकीच्या बैठकीत मात्र तीच जात न विचारता सर्वांना कळते. कॅथलिक बाजूलाही समाज पाहून सोयरीक करण्याची चाल होतीच, तेव्हा कोणी कोणाला हसण्याचे कारण नाही.

आपण विचारता, हे मनातून का जात नाही. पेत्राच्या मनातून तरी ते एका झटक्यात कोठे गेले? प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात यापो येथे धाब्यावर प्रार्थना करताना त्याला दर्शन झाले आणि देवाने जे शुद्ध केले आहे त्याला निषिद्ध मानू नको असे त्याने तीनदा ऐकले. त्यानंतर तो कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी गेला, तेथे राहिला आणि त्या घरातल्यांना बाप्तिस्मा देण्याची त्याने आज्ञा केली. एवढे सगळे होऊनही पुढे अंत्युखियात काय घडले ते गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तेथे पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे. यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसे आली तेव्हा मात्र त्यांच्या भीतीने तो पंक्तीतून मागे सरला. त्याचे पाहून बर्णबाही सरला. तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर विरोध केला. आपल्या पत्नी ज्या प्रश्नाने अस्वस्थ आहेत, त्याच प्रश्नाने, म्हणजे लोक काय म्हणतील या भीतीने, प्रेषितांतला अग्रणी माणूस आपल्याला झालेले दर्शन विसरला होता. आपण 'ख्रिस्तात सर्व एक' असे जे आयुष्यभर सांगत आलात, ते अंत्युखियातल्याप्रमाणे आता आपल्याच घरच्या पंक्तीला तपासले जात आहे, असे समजा.

या कथेतली आणखी एक गोष्ट बहुधा नजरेतून सुटते. दर्शन झाले तेव्हा पेत्र कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता. मेलेल्या जनावरांशी सतत संबंध येत असल्यामुळे यहूदी लोकांत हा धंदा हलका आणि अशुद्ध मानला जाई. म्हणजे मताने पुरता बदलण्याआधीच पेत्र त्या घरात राहत होता, तेथले अन्न खात होता. मला वाटते, आपल्या पत्राचे उत्तर येथे आहे. मन पूर्ण निर्मळ झाले की मग त्या घरी जाईन, असे ठरवले तर आपण कधीच जाणार नाही. मन कुरकुरत असतानाच जावे लागेल.

आपल्या मराठी मंडळीत याचा दाखला लक्ष्मीबाई टिळकांचा आहे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाईंनी त्यांच्यापासून दूर काढली. पुढे त्यांच्याकडे परत आल्यावरही काही काळ त्यांचे सोवळे वेगळेच राहिले. आपल्या आठवणींत त्यांनी हा बदल ज्या मोकळेपणाने लिहिला आहे तो विलक्षण आहे. माणसांत देवाने जाती निर्माण केल्या आहेत काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला, आपल्या डोक्याने त्याचा निकाल लावला, आणि मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवले. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. टिळकांनी घाई केली असती तर काय झाले असते कोणास ठाऊक. पण त्या ज्या टप्प्यांतून गेल्या त्यांतला प्रत्येक टप्पा स्वयंपाकघरातल्या एखाद्या कृतीचा होता, आणि आपल्यासारख्या चार पिढ्यांच्या ख्रिस्ती माणसाने त्या पहिल्या पिढीच्या बाईकडून एवढे तरी शिकावे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मुलाच्या आईवडिलांना आपल्या घरी जेवायला बोलवा, आणि मुलीला नव्हे तर पत्नीला वाढू द्या. मग त्यांच्याकडे जा, तेथे जेवा, त्यांच्या मंडळीत त्यांच्या शेजारी बसा. पहिल्या वेळी आपल्याला अवघडल्यासारखे होईल. त्याबद्दल स्वतःला फार कोसू नका, आणि मुलीजवळ ते लपवूही नका. "माझ्या मनात हे आले होते आणि मला त्याची लाज वाटते" एवढे एक वाक्य तिला बापाकडून ऐकायला मिळाले, तर तिच्या संसाराला त्याचा उपयोगच होईल. होकार देण्यासाठी मनातली कुरकुर संपण्याची वाट मात्र पाहू नका. तरुण मंडळींनी किती थांबावे यालाही मर्यादा आहे.

प्रश्न: पत्नीला जाऊन दोन वर्षे होत आली. आमच्याकडे दर गुरुवारी प्रार्थनासभा असते, ती मीच चालवतो. पण आता प्रार्थनेत काहीच जाणवत नाही. गीत म्हणताना ओठ हलतात, आत सगळे सुनसान. झोप पहाटे तीनलाच मोडते, जेवणावर वासना नाही. एका भावाने सांगितले, "तुमचा विश्वास कमी पडतो आहे, उपवास वाढवा." मी काय करावे? सभा चालवण्याचा मला अधिकार आहे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: बंधू, आपल्या दुःखात प्रभू आपल्याला सांभाळो. उपवास वाढवू नका. जेवण जात नसलेल्या माणसाला उपवास सांगणाऱ्या भावाचा हेतू चांगला असेल, पण त्याने राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय लक्षपूर्वक वाचलेला दिसत नाही. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला एलीया ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि मला मरण दे असे देवाला म्हणाला. देवाने त्याला विश्वासाविषयी बोल लावला नाही. दूताने त्याला स्पर्श करून उठवले तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा होता. तो जेवला, पुन्हा निजला, आणि दूताने त्याला दुसऱ्यांदा जेवू घातले. "तू येथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर आला.

पहाटे मोडणारी झोप, अन्नावरची वासना उडणे आणि आतले रितेपण ही लक्षणे इतका काळ टिकली असतील, तर त्यांत शोकाबरोबर नैराश्याचा आजारही असू शकतो. आपण मधुमेहाच्या गोळीला अविश्वास म्हणत नाही. मग मनाच्या डॉक्टरकडे जाण्यालाही म्हणू नये. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना ही लक्षणे जशीच्या तशी सांगा. शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तेथेही बोलता येते. जगणे नको असे कधी वाटले, तर त्याच क्षणी घरातल्या माणसाला सांगा. सकाळची वाट पाहू नका.

प्रार्थनेतल्या कोरडेपणाविषयी दोन माणसांची उदाहरणे देतो. मदर तेरेसा यांची पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की जवळजवळ अर्धे शतक त्यांना देवाच्या सान्निध्याची जाणीव क्वचितच झाली होती. कोलकात्यातले त्यांचे काम त्याच काळात उभे राहिले. दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन सुरू केले, आणि तरीही आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळालेला नाही. ही दोन्ही रितेपणे एकसारखी नव्हती आणि आपलेही त्यांच्यासारखे असेलच असे नाही. रमाबाईंचे पुढे भरून आले, मदर तेरेसांचे तसे आले नाही. आपले केव्हा भरेल हे मी सांगू शकत नाही, आणि जो कोणी तारीख सांगेल त्याच्यापासून दूर राहा.

सभा चालवण्याच्या अधिकाराविषयी. तो भावनेवर अवलंबून असता तर स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र शास्त्रात आलेच नसते. त्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो; इतर बहुतेक विलापस्तोत्रांत शेवटी दिसते तशी आशेची ओळ त्यात नाही. तरीही देवाच्या लोकांनी ते एकत्र म्हणण्यासाठी जपून ठेवले. तेव्हा सभा बंद करू नका. मात्र काही महिने तिचा भार वाटून द्या. प्रार्थना दुसऱ्या कोणी करावी, गीत महिला मंडळाने धरावे, आणि आपण फक्त वचन वाचावे. ओठ हलत असतील तर हलू द्या. शेजारचे लोक गात असताना त्यांच्या आवाजाखाली बसून राहणे हीसुद्धा उपासनाच आहे. आपल्या मनाची स्थिती सगळ्या सभेला सांगण्याची गरज नाही, पण एका विश्वासू माणसाला सांगा, आणि तो माणूस उपवासाचा सल्ला देणारा भाऊ नसावा. वाचनासाठी काय निवडावे असा प्रश्न पडला तर पहिल्या गुरुवारी हेच अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र घ्या. त्या खोलीत आपल्याखेरीज आणखी कोणाला त्याची गरज होती, हे सभा संपल्यावरच्या चहाच्या वेळी कदाचित कळेल.